एका रांगेत तीन पिढ्या

अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या दक्षिण टोकाला, ओझार्कच्या डोंगराळ मुलखात, ब्रॅन्सन नावाचं गाव आहे. 1967 साली तिथल्या प्रेस्ली कुटुंबानं (एल्व्हिसशी त्यांचं नातं नाही) हायवे 76 च्या कडेला एक थिएटर बांधलं. बांधताना जमिनीला उतार दिला नाही. सिमेंटची सपाट जमीन केली आणि घडीच्या खुर्च्या मांडल्या. गाणंबजावणं चाललं नाही तर खुर्च्या उचलायच्या आणि जागा बोटी ठेवायला द्यायची, असा त्यांचा विचार होता. जवळचं टेबल रॉक धरण 1958 मध्ये पुरं झालं होतं, मासेमारीला येणारे वाढले होते आणि त्यांच्या बोटींना छप्पर हवंच होतं. पण बोटींची वेळ आली नाही. त्या घराण्याच्या चार पिढ्या रंगमंचावर आल्या, आणि त्या एका थिएटरच्या दोन्ही अंगांना पुढे डझनावारी थिएटरं उभी राहिली.

गावाची वस्ती आजही साडेबारा हजारांच्या आसपास आहे. एवढ्याशा गावात सकाळी दहाचा, दुपारी तीनचा आणि रात्री सात-आठचा असे जिवंत खेळ चालतात, आणि ते बघायला आसपासच्या पाच-सहा राज्यांतून माणसं गाड्या भरून येतात. आर्कान्सातलं बेंटनव्हिल इथून मोटारीनं दोन-अडीच तासांवर. वॉलमार्टच्या मुख्य कचेरीमुळे तिथं भारतीय कुटुंबं बरीच आहेत, त्यांत मराठीही पुष्कळ. त्यांचे आईवडील उन्हाळ्यात पुण्या-नाशकाहून सहा महिन्यांसाठी येतात आणि मग "या शनिवार-रविवारी सगळ्यांनी मिळून कुठं जायचं" हा प्रश्न घरोघरी निघतो. मीही त्या आईवडिलांपैकीच एक. सुनेनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "आई, ते म्हाताऱ्यांचं गाव आहे असं म्हणतात. मुलं कंटाळतील." मुलं कंटाळली नाहीत. का कंटाळली नाहीत, याचा मी बराच विचार केला आणि त्याचं उत्तर मला तिथल्या खेळाच्या बांधणीत सापडलं. आजी, तिचा मुलगा आणि नातू एकाच रांगेत दोन तास बसणार, हे गृहीत धरून तो खेळ रचलेला असतो. सहल आखायची तर हीच रचना आधी समजून घ्यावी. बाकीचं वेळापत्रक तिच्यावरूनच सुचतं.

पडदा वर जातो तेव्हा सगळी मंडळी एकदमच समोर असतात. बँजो, फिडल, स्टील गिटार, ड्रम, चार-पाच गाणारी माणसं, सगळे दिवे लागलेले आणि लय पहिल्या मात्रेपासून द्रुत. मैफलीत षड्ज लावून हळूहळू आत शिरण्याची सवय असलेल्या माणसाला हे आधी खटकतं. पण लहान मुलाकडे बघावं. पहिल्याच मिनिटाला ते खुर्चीच्या कडेवर येऊन बसलेलं असतं. सुरुवातीची दोन-तीन गाणी त्याच्यासाठी असतात. मग लय उतरते, एक जण पुढे येतो आणि ओळख करून देतो: ड्रमवर माझा भाऊ, गिटारवर माझा मुलगा, आत्ता गायली ती माझी सून. कौटुंबिक खेळांमध्ये ही ओळख मला फार महत्त्वाची वाटते. समोर एक कुटुंब आहे हे कळताच खाली बसलेलं कुटुंब आपोआप त्यांच्याशी तुलना करायला लागतं. कोण कोणासारखं दिसतं, कुठला भाऊ थोरला असेल, यावर आमच्या रांगेत कुजबुज सुरू झाली आणि ती मध्यंतरापर्यंत चालू राहिली.

त्यानंतर येतो विनोदवीर, आणि या खेळाचा खरा कणा तोच. ढगळ ओव्हरऑल, कडा उलटलेली टोपी, एकदोन दात काळे केलेले. प्रेस्लींच्या खेळात गॅरी प्रेस्लीनं दशकानुदशकं 'हर्किमर' रंगवला आणि पुढे त्याचा मुलगा एरिक 'सेसिल' होऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. बाप आणि मुलगा दोघेही विदूषक, आणि एकमेकांना पेचात पकडणारे! ज्यांनी तमाशातली बतावणी मनापासून ऐकली आहे त्यांना या माणसाची चाल ओळखीची वाटेल. तो मधेच येतो, गाणं थांबवतो, निवेदकाला भलतंच विचारतो. निवेदक सुटाबुटातला, शुद्ध बोलणारा. हा अडाणी. आणि प्रत्येक देवाणघेवाणीत निवेदक हरतो.

याच्या मागे एक जुनी जखम आहे. ओझार्कच्या डोंगरी माणसाला अमेरिकेतल्या शहरांनी फार काळ चेष्टेचा विषय केलं. व्यंगचित्रमालांमधून, सिनेमांमधून, 'द बेव्हर्ली हिलबिलीज' या 1962 ते 1971 पर्यंत चाललेल्या टीव्ही मालिकेमधून. (त्या मालिकेचे काही भाग 1969 साली इथल्याच सिल्व्हर डॉलर सिटी या करमणूक-उद्यानात चित्रित झाले होते.) चेष्टेसाठी शहरानं जो पोशाख ठरवला, तोच पोशाख अंगावर चढवून हा विनोदवीर शहरातून आलेल्या माणसालाच हसवतो आणि हसता हसता त्याला हरवतो. या विनोदाची धार मला दुसऱ्या अंकात कळली. शिकागोहून आलेल्या एका प्रेक्षकाला त्यानं खाली वाकून, मोठ्या आपुलकीनं रस्ता विचारला. सगळं प्रेक्षागृह हसलं, तो प्रेक्षक सगळ्यांत जास्त. उच्चार निम्मे कळत नाहीत, हे खरं. पण त्याचं थांबणं कळतं. टोपी काढून तिच्यात बघत तो किती वेळ गप्प राहतो, हे मोजून केलेलं असतं. शांतता ताणून धरण्याचं हे कसब भाषेवाचून पोचतं. माझ्या नातवाला ते माझ्याआधी पोचलं.

या परंपरेची सुरुवात प्रेस्लींच्याही आधीची. 1959 साली मेब आडनावाचे चार भाऊ गावच्या तळ्याकाठी येणाऱ्या पाहुण्यांसाठी वाजवू लागले. त्यांनी नाव घेतलं 'बॉल्डनॉबर्स', 1880 च्या दशकात या डोंगरांत वावरलेल्या, कायदा हातात घेणाऱ्या टोळीचं. वाद्यं घरातलीच. कपडे घासायची पत्र्याची फळी, उलटा घातलेला टब आणि त्याला ताणून बांधलेली तार, खेचराच्या जबड्याचं वाळलेलं हाड. ते हाड थोपटलं की दात आपल्या खोबणीत खडखडतात आणि त्या खडखडाटातून ताल निघतो. नंतर व्यवसाय वाढला, विजेची वाद्यं आली. पण एखाद्या थिएटरात कोणी ती फळी अजून काढली की सगळं विसरून तिकडे कान द्यावा. ओझार्कची गाणी व्हान्स रँडॉल्फ या अभ्यासकानं गावोगाव हिंडून जमवली आणि 1946 ते 1950 या काळात चार खंडांत छापली. सरोजिनी बाबर यांनी आपल्या बायकांच्या ओव्या जमवल्या, त्याच जातीचं हे काम. रंगमंचावरचा झगमगाट कितीही वाढला तरी खालची जमीन या गाण्यांचीच आहे.

पहिल्या अंकाच्या शेवटाकडे दिवे मंदावतात आणि चार पुरुष एका माइकभोवती अर्धवर्तुळ करून उभे राहतात. गॉस्पेल चौकडी. माझ्यासाठी सगळ्या खेळातली ही सर्वांत श्रीमंत दहा मिनिटं, म्हणून इथं थोडं थांबते.

आपला कान एका सुराच्या मागे जाणारा आहे. चार माणसं एकाच वेळी चार वेगळे सूर गातात तेव्हा आपल्याला त्यातला एकच ऐकू येतो आणि बाकीचं नुसतं 'भरलेलं' वाटतं. त्यावर उपाय असा. पहिल्या ध्रुवपदाला मुख्य गायकाच्या, म्हणजे चाल धरणाऱ्याच्या मागे जावं. दुसऱ्या वेळी मुद्दाम बासच्या, सगळ्यांत खालच्या आवाजाच्या मागे जावं. तो चाल गात नसतो. चालीच्या पायाखालची जमीन तो पुढेमागे सरकवत असतो. ओळीच्या शेवटी बाकीचे तिघे एका स्वरावर थांबले की त्या मोकळ्या जागेत तो दोन-तीन शब्द एकटाच म्हणतो आणि शेवटचा शब्द इतका खाली नेतो की तो कानाआधी छातीत जाणवतो. प्रेक्षक तिथं हमखास दाद देतात, जशी आपण समेवर देतो. तिसऱ्या वेळी वरच्या टेनरकडे जावं. चौथा, बॅरिटोन, सापडायला सर्वांत कठीण. तो दोघांच्या मधल्या फटी बुजवत असतो आणि नीट गात असेल तर तो आहे हे कळतही नाही.

आणि मग शेवटच्या कडव्याआधी अख्खं गाणं अर्ध्या स्वरानं वर चढतं. आपल्याकडे गायकाचा सा एकदा ठरला की मैफल संपेपर्यंत अढळ. इथं साच उठून वरच्या पायरीवर जाऊन बसतो. मला पहिल्यांदा ते कळलं तेव्हा अंगावर काटा आला. युक्ती म्हणून ती जुनी आहे, जवळजवळ प्रत्येक खेळात असते, पण तिची जागा अशी अचूक धरलेली असते की दर वेळी ती काम करते.

या गाण्यांचा एक मोठा रचनाकार याच डोंगरांत राहिला. अल्बर्ट ब्रम्ली, मिसूरीतल्या पॉवेल या खेड्यात. 'आय'ल फ्लाय अवे' हे त्याचं 1932 मध्ये प्रसिद्ध झालेलं गीत अमेरिकेतल्या असंख्य प्रेतयात्रांमध्ये आणि तितक्याच आनंदसभांमध्ये गायलं गेलं आहे. मरणावरचं गाणं, आणि चाल टाळ्या वाजवायला लावणारी. अभंग गात गात निरोप देणाऱ्या घरातल्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही.

मध्यंतरात कलावंत आत जाऊन बसत नाहीत. ते खाली येतात. आत्ता गायलेली बाई दारापाशी उभी राहून आपल्या सीडी विकते, सह्या करते, मुलांना जवळ घेऊन फोटो काढू देते. आपल्याकडे नाटक संपल्यावर रंगपटात जाऊन भेटायचा रिवाज आहे, पण त्यासाठी धीर लागतो, ओळख लागते. इथं कलावंतच आपल्याला शोधत येतो. मध्यंतराची ही पंधरा मिनिटं खाण्याच्या रांगेत घालवू नयेत. लहान मुलाला फिडलवाल्यापाशी न्यावं आणि "वाजवून दाखवा" म्हणायला लावावं. बहुधा नाही म्हणत नाहीत.

दुसऱ्या अंकात फिडलचा स्वतंत्र भाग असतो आणि त्यात बऱ्याचदा 'ऑरेंज ब्लॉसम स्पेशल' येतं. न्यूयॉर्कहून फ्लोरिडाला जाणाऱ्या आगगाडीवरून 1930 च्या दशकात रचलेली ही धून. वादक आधी दोन तारा एकदम वाजवून, बोट सरकवत, लांबून येणारी शिट्टी काढतो. मग चाकं फिरायला लागतात. गजाचे छोटे, तुटक घाव, त्यात आघाताची जागा सारखी पुढे सरकत राहणारी, त्यामुळे लय तीच असूनही गाडी वेग घेत असल्याचा भास. मग तो खरोखरच वेग वाढवतो. ब्रॅन्सनमध्ये ही धून ऐकताना मला एक गोष्ट सारखी आठवत होती. या गावाला प्रेक्षक मिळाले तेच मुळी आगगाडीमुळे. हॅरल्ड बेल राइट हा क्षयानं पोखरलेला धर्मोपदेशक 1896 साली हवापालटासाठी इकडे आला. व्हाइट नदीला पूर आल्यामुळे वाटेत अडकला आणि रॉस नावाच्या जोडप्याच्या शेतावर राहिला. पुढे अनेक उन्हाळे तो तिथं येत राहिला आणि 1907 मध्ये त्याची 'द शेफर्ड ऑफ द हिल्स' ही कादंबरी निघाली. लाखोंनी खपली. त्याच सुमाराला या खोऱ्यातून रेल्वे धावू लागली होती. वाचक गाडीत बसून कादंबरीतली माणसं शोधायला आले. कलाकृती आधी, पर्यटन मागून, असा या गावाचा क्रम आहे.

शोजी ताबुचीची गोष्ट याच फिडलची. जपानमध्ये वाढलेला मुलगा, लहानपणी व्हायोलिन शिकलेला. ओसाकात रॉय एकफ या कंट्री गायकाचा कार्यक्रम ऐकला आणि ठरवलं, हेच वाजवायचं. अमेरिकेत आला, वर्षानुवर्षं इतरांच्या साथीला वाजवलं आणि शेवटी ब्रॅन्सनमध्ये स्वतःचं भलंमोठं थिएटर उभारलं, ज्याची स्वच्छतागृहंसुद्धा बघायला लोक लवकर येत. पुरुषांच्या दालनात बिलियर्डचं टेबल होतं! 2023 मध्ये तो गेला. परक्या मुलखातलं संगीत इतक्या प्रेमानं आपलं करणारा हा माणूस त्या रस्त्यावरचा सर्वांत लाडका कलावंत ठरला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी निवेदक सैन्यात नोकरी केलेल्यांना उभं राहायला सांगतो. भूदल, नौदल, वायुदल, प्रत्येकाची धून वाजते आणि ज्याची धून तो उठतो. काठी टेकत उठणारे व्हिएतनामवाले, शेजारची बायको हात देते, नातवंडं त्यांच्याकडे वळून बघतात. आपण परदेशी, आपला या युद्धांशी संबंध नाही, काही युद्धांबद्दल तर आपलं मत वेगळं आहे. पण मी टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर गप्प राहिलेल्या आजोबांना त्यांच्या कुटुंबासमोर उभं करणारा हा क्षण खेळाच्या बांधणीतला सर्वांत धाडसी क्षण आहे. इतका वेळ रंगमंचावरचं कुटुंब आपण बघत होतो. इथं प्रकाश प्रेक्षकांवर येतो.

एक उणीव मला डाचते, ती सांगायला हवी. याच मिसूरीत संगीतकार स्कॉट जॉप्लिन सिडेलिया गावी राहिला आणि 1899 मध्ये त्याचं 'मेपल लीफ रॅग' छापलं गेलं. याच राज्यातल्या कॅन्सस सिटीत काउंट बेसीचा जॅझ घडला. ब्रॅन्सनच्या रंगमंचांवर हे काळ्या कलावंतांचं मिसूरी फार कमी ऐकू येतं. गायिका डॉली पार्टनच्या इथल्या घोड्यांच्या खेळानं 2018 मध्ये आपल्या नावातला 'डिक्सी' हा जुन्या दक्षिणेची, गुलामगिरीच्या काळाची आठवण देणारा शब्द काढून टाकला. हे योग्य झालं. पण नाव बदलण्याच्या पुढे पुष्कळ वाट शिल्लक आहे.

आता आखणी, आणि आधी गर्दीची गोष्ट. डिसेंबर 1991 मध्ये 'सिक्स्टी मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमानं या गावावर एक भाग केला आणि पुढच्या हंगामात हायवे 76 वर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकू लागल्या. गायक अँडी विल्यम्सचं मून रिव्हर थिएटर 1992 चं, ते याच लाटेच्या वेळचं. गर्दीवर तोड म्हणून गावानं लाल, पिवळ्या, निळ्या खुणांचे आडरस्ते आखले आहेत. ते वापरावेत. थिएटर नकाशावर जवळ दिसलं तरी अर्धा तास हाताशी ठेवून निघावं, कारण पहिली तीन गाणी चुकली तर मुलाचा धागा तुटतो.

दिवसाला एकच खेळ. यावर माझं मत ठाम आहे. स्वस्तात तीन तिकिटं मिळतात म्हणून सकाळ-दुपार-रात्र थिएटरात बसणारी कुटुंबं मी पाहिली. तिसऱ्या खेळाला आजोबा झोपलेले, मुलं भांडत, आणि चौकडीचा सा वर चढला तेव्हा कोणाचंच लक्ष नाही. स्वस्त तिकिटांची आणखी एक मेख असते. रस्त्याकडेच्या काही टेबलांवर मिळणाऱ्या सवलतीच्या बदल्यात सुट्टीतल्या घरांच्या विक्रीचं भाषण ऐकायला अर्धा दिवस द्यावा लागतो. थिएटरच्याच खिडकीवर तिकीट घ्यावं आणि घेतानाच सांगावं की सोबत गुडघे दुखणारी माणसं आहेत. मधल्या वाटेलगतच्या खुर्च्या मिळतात, आणि विनोदवीर खाली उतरतो तो त्याच वाटेनं.

पहिल्या संध्याकाळी जुन्या घराण्याचा डोंगरी संगीताचा खेळ बघावा. पुढचं सगळं त्याच्या प्रकाशात दिसतं. दुसरा अख्खा दिवस सिल्व्हर डॉलर सिटीला द्यावा आणि त्या रात्रीचं तिकीट काढू नये. ह्यूगो आणि मेरी हर्शेंड यांनी 1950 मध्ये मार्व्हल केव्ह ही गुहा चालवायला घेतली. गुहेत जायला थांबलेल्या लोकांचा वेळ जावा म्हणून 1960 मध्ये बाहेर जुन्या खेड्यासारखं एक खेडं उभारलं आणि सुट्टे पैसे चांदीच्या डॉलरमध्ये परत दिले. लोक घरी जाऊन ते डॉलर दाखवत आणि जाहिरात आपोआप होई. आज तिथं मोठमोठे पाळणे आणि लाकडी रोलर कोस्टर आहेत, त्यांच्याबद्दल मुलांना माझ्याहून जास्त माहिती असते. मोठ्यांनी लोहार, काच फुंकणारे, कुंभार यांच्यापाशी बसावं. गुहेत उतरायला शेकडो पायऱ्या आहेत, वर मात्र दोरावरची गाडी आणते. आजी-आजोबांना उतरताना त्रास होतो. आम्ही दोन तुकड्या केल्या आणि वर थांबलेल्यांना एका ओट्यावर बँजोवाला सापडला.

जेवणाचा प्रश्न मराठी घरात सगळ्यांत आधी निघतो, म्हणून सांगते. डॉली पार्टनच्या त्याच घोड्यांच्या खेळात, स्टँपीडमध्ये, समोर घोडे दौडतात आणि चार टप्प्यांचं जेवण काटे-चमच्यांशिवाय वाढतात. सगळं हातानं खायचं. शेजारची अमेरिकन मंडळी अवघडलेली आणि आमची रांग सराईत! शाकाहारी ताट मिळतं, पण आधी सांगावं लागतं.

साइट अँड साउंडचं थिएटर 2008 चं, दोन हजार प्रेक्षकांचं, तीन बाजूंनी वेढणाऱ्या रंगमंचाचं. विषय बायबलमधला. आमच्यातल्या काहींनी आधी नाक मुरडलं. पौराणिक नाटकांवर वाढलेल्या माणसानं तरी ते मुरडू नये. उंट, घोडे, मेंढ्या प्रेक्षकांच्या मधल्या वाटांवरून चालत येतात आणि अख्खी शहरं बाजूंनी सरकत आत येतात. नेपथ्य शिकण्यासारखं आहे. गाणी मला सपाट वाटली, त्या चौकडीपुढे तर फारच.

टेबल रॉक जलाशयावरच्या सहलीला मुलं हट्ट करतात आणि करू द्यावा, पण आकाश बघून. 19 जुलै 2018 च्या संध्याकाळी अचानक उठलेल्या वादळात टेबल रॉकवर पर्यटकांची एक बोट बुडाली. 17 माणसं गेली, त्यांतली नऊ एकाच कुटुंबातली. उन्हाळ्यात इथं वादळं तासाभरात चढतात. इशारा निघाला असेल तर त्या दिवशी पाणी सोडावं, पैसे गेले तरी.

शेवटची रात्र उघड्या आकाशाखालच्या 'शेफर्ड ऑफ द हिल्स'साठी राखावी, हंगाम असेल तर. राइट ज्या शेतावर राहिला तिथंच हे नाटक होतं. खरे घोडे, खऱ्या मेंढ्यांचा कळप, आणि रोज रात्री रंगमंचावर लाकडी झोपडी पेटवली जाते. रॉस दांपत्याचं खरं घर शेजारीच आहे, नाटकाआधी उजेडी बघून घ्यावं. नाटक जुन्या वळणाचं आहे, भाषणं लांब आहेत. पण डोंगरामागे उजेड जाईपर्यंत प्रवेश संथ ठेवलेले आणि अंधार पुरता पडल्यावर आग, हा क्रम दिग्दर्शकानं सूर्याला हाताशी धरून बसवला आहे. म्हणूनच ते घरात कधीही होऊ शकणार नाही.

राहता राहिला महिना. जानेवारी-फेब्रुवारीत बरीच थिएटरं बंद असतात. जून-जुलैत मुलांना सुट्टी, पण उकाडा आणि गर्दी दोन्ही. ऑक्टोबरात ओझार्कची झाडं लाल होतात आणि त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत उघड्यावरचं नाटकही मिळतं. नोव्हेंबर लागला की खेळांचा दुसरा अंक नाताळचा होतो, गावभर दिवे लागतात आणि 11 तारखेच्या आसपास निवृत्त सैनिकांचा आठवडा असतो. त्या दिवसांत धून वाजली की अर्धं प्रेक्षागृह उभं राहतं. नाटकातली आग आणि हा आठवडा, दोन्ही एकदम मिळत नाही. मला निवड करायची तर मी आग सोडून देईन आणि नोव्हेंबर घेईन. उन्हाळ्यात आलेले आपले आईवडील बहुतेक दिवाळीला परत निघतात. तिकीट दोन आठवडे पुढे ढकलता येत असेल तर ढकलावं, आणि दिवाळीचा फराळ डब्यात घालून ब्रॅन्सनला न्यावा.